इंग्रजीचे व्याकरण, हिंदीचा शेजार आणि उज्जैनची मराठी

इंग्रजीचे व्याकरण कठीण की मराठीचे, हा वाद शिक्षकांच्या खोलीत दर वर्षी नवे सत्र सुरू झाले की हमखास निघतो. इंग्रजी शिकविणारा म्हणतो, एका क्रियापदाची तीन रूपे पाठ करून घेताना आमचा जीव जातो. मराठीचा अभिमानी म्हणतो, आमची तीन लिंगे, सामान्यरूपे आणि प्रयोग शिकवून बघा म्हणजे कळेल. तीस वर्षे शाळेत काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की, दोघांचेही खरे आणि दोघांचेही अर्धे. प्रत्येक भाषेला तेवढेच काम करायचे असते. कोणी कोणाला मारले, कोणी कोणाला दिले, केव्हा घडले, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे तिला सांगावेच लागते. फरक एवढाच की, एक भाषा ते काम शब्दाच्या शेपटाशी करते, तर दुसरी शब्दाच्या जागेने करते.

सीमाभागातील वाचकांसाठी उज्जैनहून हे लिहिताना एक तारीख आठवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी मध्य भारत संपला आणि उज्जैन नव्या मध्य प्रदेशात आले. तुमच्याकडे त्या दिवसानंतरही लढा चालू राहिला. आमच्याकडे काहीच झाले नाही. राणोजी शिंद्यांच्या काळापासून शिंदेशाहीचे हे ठाणे. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरजवळ लष्कर वसवले आणि दरबार तिकडे गेला, तरी मराठी घरे येथेच राहिली. महाकाळेश्वराचे आजचे देऊळही राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी बांधविलेले. येथे मराठीवर कोणी बंदी घातली नाही, पाट्या पुसल्या नाहीत. येथे हिंदी ही शेजारीण आहे, आणि शेजारणीशी भांडण नसते. म्हणूनच आमचा प्रश्न वेगळा आणि काहीसा अवघड आहे.

काम तेच, जागा निराळी

इंग्रजीत ‘राम सॉ श्याम’ म्हटले की पाहणारा राम. शब्द उलटवून ‘श्याम सॉ राम’ केले की पाहणारा श्याम. कर्ता कोण ते केवळ जागेवरून ठरते. मराठीत ‘रामाने श्यामला पाहिले’ म्हणा की ‘श्यामला रामाने पाहिले’ म्हणा, पाहणारा रामच राहतो, कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय त्याला धरून ठेवतात. म्हणून मराठी मुलाला इंग्रजी शिकविताना पहिला धडा शब्दांच्या जागेचा हवा. आपल्या भाषेत ही मोकळीक आहे आणि त्या भाषेत ती नाही, हे सांगितले की मूल चटकन समजते. न सांगता पन्नास वाक्ये घोकून घेतली, तर एक्कावन्नावे वाक्य चुकते.

इंग्रजीत ‘इन द हाउस’ म्हणताना ‘इन’ आधी येतो. हिंदीत ‘घर में’ म्हणताना ‘में’ मागून येतो, पण सुटा राहतो. मराठीत तो ‘घरात’ होऊन शब्दाला चिकटतो. चिकटताना शब्दाचे रूपही बदलतो. घोडा असतो, पण बसतो घोड्यावर. देऊळ दिसते, पण जातो देवळात. हे सामान्यरूप इंग्रजीत मुळीच नाही आणि हिंदीत फारच थोडे आहे. उलट इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ हे आपल्याकडे नाहीत. ‘पुस्तक आण’ म्हटले की कोणते पुस्तक ते प्रसंगावरून कळते. इंग्रजीत ते आधी सांगावे लागते.

आता ‘हॅव’ हा एक शब्द पाहा. इंग्रज माणसाला भाऊ असोत, पैसे असोत की धैर्य असो, सगळे ‘आय हॅव’. मराठीत मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत आणि माझ्यात धैर्य आहे. नाते, मालकी आणि गुण यांच्यासाठी तीन वेगळ्या वाटा. हिंदीतही तीन वाटा आहेत, पण पहिली थोडी निराळी: ‘मेरे दो भाई हैं’. कानडीत मात्र ‘ननगे इब्बरु अण्णंदिरु इद्दारे’, म्हणजे मला दोन थोरले भाऊ आहेत. येथे मराठी हिंदीपेक्षा कानडीच्या जवळ बसते. तीच गोष्ट ‘नको’ची. एका शब्दात निकाल लावणारा हा शब्द इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. पण कानडीत ‘बेड’ आहे. ज्या भाषेशी सीमेवर वाद आहे, तिच्याशी आपल्या भाषेचे घरोब्याचे नाते किती जुने आहे, ते व्याकरणच सांगते. यात कोणाच्या बाजूने निकाल नाही, पण दोन्ही बाजूंच्या मुलांना हे ठाऊक असावे असे आम्हाला वाटते.

पुस्तक वाचले की वाचली?

उज्जैनच्या मराठी मुलाचे एक वाक्य नमुन्यादाखल घेऊ: ‘मीने पुस्तक वाचली.’ पुण्याचा पाहुणा हे ऐकून हसतो. पण हे वाक्य अडाणीपणाचे नाही, त्यामागे हिशेब आहे. हिंदीत ‘मैंने’ म्हणतात, म्हणून ‘मीने’. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून ‘वाचली’. मराठीत भूतकाळी क्रियापद कर्माकडे पाहून चालते, म्हणून ग्रंथ वाचला, पोथी वाचली, पुस्तक वाचले. हा नियम मुलाला पक्का ठाऊक आहे. त्याने फक्त लिंग शेजारणीकडून उसने आणले. असे शब्द अनेक आहेत. आत्मा, देह, विजय, मृत्यू, अग्नी हे मराठीत पुल्लिंगी. हिंदीत ते सगळे स्त्रीलिंगी आहेत. हिंदीला नपुंसकलिंगच नसल्याने आपले ‘ते’ तर पहिल्या झटक्यात जाते. घर ‘तो’ होते आणि पुस्तक ‘ती’ होते.

सीमाभागात ‘काय करायलास?’ असे सर्रास विचारतात. तेही पुण्याच्या पुस्तकात नाही. पण विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला त्यात काही कमी वाटत नाही, आणि वाटू नये.

इंग्रजीत हा घोळच नाही, असे मुले म्हणतात. आज नाही, हे खरे. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तीन लिंगे होती. तेव्हा सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी होता. विभक्तीचे प्रत्ययही होते. ‘मला भूक लागली’ या धर्तीचे वाक्यही होते. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारे ‘मीथिंक्स’ म्हणजे ‘मला वाटते’ हे त्याच घडणीचे उरलेले रूप. ‘तू’साठी ‘दाऊ’ होता. ‘यू’ हा मुळात अनेकवचनी. आदरासाठी तो एकाला वापरू लागले आणि शेवटी ‘दाऊ’च लोपला. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांची भाषा, पुढे १०६६ नंतर राज्यकर्त्यांची फ्रेंच, या गर्दीत इंग्रजीने प्रत्यय टाकले, लिंगे टाकली आणि ते काम शब्दांच्या जागेवर सोपविले. तरीही ती भाषा मेली नाही. कारण एवढेच की, शेतात, बाजारात आणि चुलीपाशी ती बोलणारी माणसे होती, आणि ती मुलांशीही तीच भाषा बोलत होती.

उसने कोणी कोणाकडून घेतले

व्याकरणाच्या पुस्तकांचा इतिहासही देवघेवीचा आहे. मराठीचे व्याकरण विल्यम कॅरीने १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे इंग्रजीत छापून काढले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. त्यांची मांडणी इंग्रजी वळणाची होती, आणि त्यावर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुढे चिकित्सा केली. शब्दांच्या आठ जाती आपण आजही शिकवतो, त्या या इंग्रजी वळणाच्याच. आपली विरामचिन्हे मेजर कॅंडीच्या काळात इंग्रजीवरून रुळली. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिले तेव्हा संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही परंपरा त्यांच्यासमोर होत्या. पाणिनीच्या नावाचे विद्यापीठ आज आमच्या उज्जैनीत आहे. तेव्हा कारक आणि विभक्ती यांची चर्चा येथे नव्याने सांगायला नको.

तात्पर्य, तुलना ही परकी गोष्ट नाही. आमच्या पिढीच्या घरांतून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असे. तिचे तंत्र जुने होते, वाक्ये कधी कधी विनोदी वाटत, पण मराठी वाक्य एका बाजूला आणि इंग्रजी वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवून विचार करण्याची सवय तिने लावली. पुढे शाळाशाळांतून रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. त्यात नियम भरपूर आहेत, पण मराठी मुलाला कोणता नियम का अडतो, ते त्यात नाही, आणि त्यांनी ते सांगावे अशी अपेक्षाही नाही. ते काम शिक्षकाचे आहे.

समितीतील दोन मते

येथील एका मराठी मंडळाच्या समितीवर आम्ही आहोत. गणेशोत्सव, कोजागिरी, व्याख्यान हे सगळे होते. रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्गही चालतो. मुले आठवडाभर इंग्रजी माध्यमात शिकतात, गल्लीत हिंदी बोलतात, आणि मराठी त्यांना आजीशी बोलताना लागते. या वर्गात काय शिकवावे, यावर समितीत दोन मते आहेत. एक मत असे की, चूक दिसली की तेथल्या तेथे सुधारावी, नाहीतर चुकीचेच रूढ होईल. दुसरे मत असे की, आधी बोलू द्यावे.

पहिल्या मताच्या मंडळींची कळकळ खरी आहे. शिथिलपणाने भाषा झिजते, हे त्यांचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. परंतु प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. ‘पुस्तक वाचली’ म्हणणाऱ्या मुलाला चार लोकांत अडवले की ते पुढचे वाक्य हिंदीत बोलते. तिसऱ्यांदा अडवले की ते वर्गाला येत नाही. चुकीचे मराठी गेले, पण त्याच्या जागी शुद्ध मराठी आले नाही. तेथे मराठीच उरली नाही. इंग्रजीची गोष्ट वर सांगितली ती यासाठी. लिंग चुकून भाषा मरत नाही, बोलणे थांबून मरते.

म्हणून आम्ही मधली वाट सुचविली आहे. फळ्यावर चार रकाने आखावेत: मराठी, हिंदी, इंग्रजी आणि जमल्यास संस्कृत. एकच वाक्य चारही रकान्यांत मुलांनी लिहावे आणि काय बदलले ते त्यांनीच शोधावे. ‘पुस्तक’ संस्कृतात नपुंसकलिंगी, मराठीने ते तसेच ठेवले, हिंदीने स्त्रीलिंगी केले, इंग्रजीला लिंगाचा प्रश्नच पडला नाही. असे सांगितले की मूल खजील होत नाही, त्याला कुतूहल वाटते. चूक ही लाज न राहता दोन भाषांमधील फरक होतो. शिवाय इंग्रजीही पक्की होते. इंग्रजीसाठी मुलाची मराठी बाजूला ठेवावी लागते, हा पालकांच्या मनातील समज या रकान्यांनी निघून जावा, अशी आमची अपेक्षा आहे.

दोन भाषांत वाढल्याने माणूस उणा होत नाही, याचा दाखला माळव्यातच आहे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, शिक्षण काही काळ उज्जैनला. हिंदी कवितेत त्यांचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी मिळाला. एकाच घरातून दोन भाषांना दोन लेखक मिळाले.

‘आम्ही’ आणि ‘आपण’

शेवटी एका लहान शब्दाविषयी. इंग्रजीत ‘वी’ एकच. ‘वी आर गोइंग’ म्हटले तर ऐकणाऱ्याने यायचे की नाही ते कळत नाही. पुस्तकी हिंदीतही ‘हम’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा मागे राहिला, आणि ‘आपण जाऊ’ म्हटले की तो बरोबर निघाला. गुजरातीतही हा भेद आहे. आणि गंमत अशी की, माळव्याच्या बोलीतल्या हिंदीत ‘अपन चलते हैं’ असे सर्रास म्हणतात. पुस्तकात नसलेला भेद गल्लीने सांभाळला आहे.

वर्गातल्या मुलांच्या बोलण्यातून ‘आपण’ अलीकडे कमी होत चालला आहे. ‘हम’च्या वजनाने ती सगळीकडे ‘आम्ही’च म्हणतात. ‘आजी, आम्ही देवळात जाऊ’ असे नात म्हणते आणि आजी चप्पल घालत नाही. नातीला आजी बरोबर हवी असते. आजीला वाटते, ही आपल्याला सोडून चालली. लिंग चुकले तर अर्थ कळतो. येथे अर्थच उलटतो. तेव्हा सगळ्या चुका सारख्या नाहीत. कोणती सोडून द्यावी आणि कोणती जपून, प्रेमाने सुधारावी, हे शिक्षकाने व पालकाने ओळखले पाहिजे. आमच्या यादीत ‘आपण’ सर्वांत वर आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झालाच. तो दर्जा भाषेच्या भूतकाळाला मिळाला आहे. पुढचा काळ घराघरांत ठरायचा आहे. बेळगावात मराठीसाठी मोर्चे निघतात, उज्जैनीत निघत नाहीत. पण रात्री जेवताना मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. त्याचे उत्तर कोणतेही सरकार देणार नाही. ते आपणच द्यायचे आहे.