तामेशिगिरी : पात्याची परीक्षा, माणसाची परीक्षा

चित्रपट आणि मोबाईल यांमुळे जपानी तलवार, म्हणजेच 'कताना', आता आपल्या वसतिगृहातील मुलांच्याही ओळखीची झाली आहे. इतिहासाच्या तासाला एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, ती तलवार खरोखरच एका घावात बांबू कापते का?" हा प्रश्न कुतूहलाचा असला, तरी तो हसण्यावारी नेता येत नाही. पुणे जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत तलवारीने वाढदिवसाचा केक कापल्याच्या आणि कोयते नाचवून दहशत माजवल्याच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात. त्यांत सापडणारी मुले बहुधा कोवळ्या वयाची असतात. म्हणूनच धारदार पात्याचा 'अभ्यास' म्हणजे नेमके काय, हे माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर मांडावे असे वाटले.

खऱ्या तलवारीने कापण्याच्या या अभ्यासाला जपानी भाषेत 'तामेशिगिरी' म्हणतात. तिचा अर्थ 'परीक्षेसाठी कापणे' असा होतो. जपानी घरांत जमिनीवर अंथरतात त्या तातामी चटईचे वरचे विणलेले आवरण घट्ट गुंडाळून बांधतात, पाण्यात भिजत ठेवतात आणि लाकडी बैठकीवरील खुंटीवर उभे रोवतात. कधी या गुंडाळीच्या गाभ्यात हिरवा बांबू घालतात. त्यासमोर उभे राहून साधक खांद्यापासून कमरेकडे जाणारा तिरपा घाव घालतो. पुढे खालून वर जाणारा आणि आडवा घावही शिकवला जातो.

पाहणाऱ्याला वाटते की हे मनगटातील बळाचे काम आहे. प्रत्यक्षात बळाचा वाटा थोडा असतो. पात्याची धार ज्या दिशेला आहे, नेमक्या त्याच दिशेने तलवार फिरली पाहिजे. या सरळपणाला 'हासुजी' म्हणतात. धार आणि गती यांत थोडाही तिरकेपणा आला, तर पाते चटईत अडकते, वाकते किंवा चटईच खुंटीवरून उडून पडते. डावा हात मुठीच्या टोकाशी, उजवा हात पात्याजवळ. ओला कपडा पिळावा तशी पकड, आणि जोर खांद्यातून न येता कमरेतून आलेला असावा लागतो. घाव बरोबर बसला, तर कापलेला भाग सपाट व गुळगुळीत दिसतो. चुकला, तर कापाला बाक येतो आणि चटईच्या काड्या फाटलेल्या दिसतात.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी जपानला जाण्याची गरज नाही. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांसाठी ऊस तोडणारे हात आपण दर हंगामात पाहतो. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्यात साखर अधिक असते आणि खोडव्याचे फुटवेही चांगले येतात. कसलेला तोडणी कामगार कोयत्याचा एकच तिरका घाव घालतो आणि ऊस न चिरता सरळ तुटतो. नवख्याच्या हातून तोच ऊस ठेचला जातो. धार आणि गती यांचा मेळ त्या कामगाराला कोणत्याही गुरुकुलात न जाता साधलेला असतो. जपानी साधकाच्या कौशल्याला कला म्हणायचे आणि आपल्या ऊसतोड माय-बापांच्या कौशल्याला केवळ मजुरी म्हणायचे, हा भेद श्रमाला हीन लेखणाऱ्या जातिव्यवस्थेचाच अवशेष आहे.

मग खऱ्या तलवारीचीच गरज का भासते? सुरुवातीचा दीर्घ काळ साधक लाकडी तलवारीने, पुढे बोथट पात्याने सराव करतो. परंतु हवेत फिरवलेली तलवार चूक दाखवत नाही. सफाईदार हालचाल करून स्वतःचीही फसवणूक करता येते. चटई मात्र फसत नाही. 'या आणि स्वतः पाहा' असे सांगणाऱ्या, कोणतीही गोष्ट अनुभवाच्या कसोटीवर घासून घ्यायला लावणाऱ्या धम्माच्या अनुयायांना या परीक्षेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या परीक्षेचे नियम कडक आहेत. मूठ आणि पाते यांना जोडणारी बांबूची लहानशी खुंटी सराव करण्यापूर्वी तपासायची. घावाच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही. आधी नमन, मग घाव. घावानंतरही तलवार म्यानात जाईपर्यंत सावधानता सोडायची नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत होऊन गेलेल्या ताकुआन सोहो या झेन भिक्खूने तलवारबाज यागयू मुनेनोरी याला लिहिलेल्या उपदेशाचा सार असा, की मन शत्रूच्या तलवारीवर अडकू नये, स्वतःच्या तलवारीवरही अडकू नये. आपण ज्याला सम्यक स्मृती म्हणतो, तिच्या जवळ जाणारा हा विचार आहे.

येथवर वाचून ही परंपरा पहिल्यापासून पवित्र होती असा समज होईल. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तो दूर करणे भाग आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत, तलवारीची परीक्षा केवळ चटईवर होत नसे. ती देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवरही होत असे. किती देह एका घावात कापले गेले, हे पात्याच्या मुठीतील भागावर सोन्याने कोरले जाई. वधस्थानावरील प्रेतांची कामे आणि चामड्याची कामे 'एता' व 'हिनिन' म्हणून हिणवलेल्या, अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या माथी होती. तलवार मिरवणारा सामुराई उच्च, आणि त्याच्या चिलखताचे चामडे कमावणारा माणूस अपवित्र! हे चित्र आपल्याला परके वाटत नाही.

त्याआधी 1588 मध्ये हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांची शस्त्रे जप्त केली. त्या लोखंडाचे खिळे बुद्धाच्या भव्य मूर्तीच्या बांधकामासाठी वापरले जातील, असे कारण त्याने दिले होते. बुद्धाचे नाव पुढे करून कष्टकऱ्यांना निःशस्त्र करण्यात आले आणि शस्त्र हा एका वर्गाचा मक्ता ठरला. 1871 मध्ये कायद्याने एता-हिनिन हा भेद रद्द झाला, 1876 मध्ये तलवार मिरवण्याचा सामुराईंचा हक्क गेला. तरी बहिष्कृतांची अवहेलना थांबली नाही. अखेर 1922 मध्ये त्यांनीच क्योटो येथे 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारली. त्यानंतर पाचच वर्षांनी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. दोन देशांतील बहिष्कृतांची ही जागृती जवळपास एकाच काळातील आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने याच तलवारीने युद्धकैद्यांची मुंडकी उडवली, हेही विसरता येणार नाही. मन स्थिर करण्याची विद्या शीलापासून तुटली, तर ती मारेकऱ्याचा हातही स्थिर करते. म्हणूनच तथागतांच्या मार्गात समाधीआधी शील येते. प्रेताच्या जागी चटई आली, हा या कलेच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल मी मानतो. कौशल्य तेच राहिले, पण त्याच्या परीक्षेसाठी माणसाच्या देहाची विटंबना उरली नाही.

आपल्या मातीतही शस्त्रविद्येची परंपरा आहे. मर्दानी खेळात दांडपट्ट्याच्या घावाने जमिनीवर ठेवलेले लिंबू कापतात. नेमकेपणाची ही परीक्षा तामेशिगिरीची सख्खी बहीण शोभेल. या विद्येचा मक्ताही एका वर्णाकडे नव्हता. पुरंदरच्या पायथ्याशी जन्मलेल्या, मातंग समाजातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या पुण्यातील तालमीत महात्मा जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. ज्याची सावलीही विटाळ मानली जाई, त्या वस्तादाला त्यांनी गुरू मानले. इंदापूरच्या सीमेवरून वाहणारी भीमा वरच्या अंगाला कोरेगावजवळून येते. तेथे 1 जानेवारी 1818 रोजी लढलेल्या महार सैनिकांच्या वंशजांना पुढे इंग्रजांनीच सैन्यभरती बंद केली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला, तेव्हा 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. शस्त्र धारण करण्याचा समान अधिकार हा आपल्या पूर्वजांसाठी प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

तो अधिकार गणवेशाचा, शिस्तीचा आणि उत्तरदायित्वाचा होता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा त्यांनी तत्त्व म्हणून स्वीकारली. तिला आंधळा नियम बनवले नाही. या कसोटीवर केक कापणारी तलवार तपासून पाहावी. तिच्यामागे गरज नाही, अभ्यासही नाही. आपल्याला कोणीतरी घाबरावे, एवढीच इच्छा आहे. इतरांनी घाबरावे म्हणून शस्त्र मिरवणे ही सरंजामदाराची वृत्ती होय. ज्यांच्या पिढ्या त्या भीतीखाली भरडल्या गेल्या, त्यांच्या मुलांनी ती उसनी घ्यावी, याहून मोठा पराभव कोणता? शिवाय त्या एका छायाचित्रापायी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाची चारित्र्य पडताळणी कायमची अडचणीत येते.

पालकांना माझी विनंती आहे की मुलांचे शस्त्राविषयीचे आकर्षण दडपून टाकू नये. त्याला वळण द्यावे. त्यासाठी घरात तलवार आणण्याचे काहीच कारण नाही. जपानी साधकही वर्षानुवर्षे लाकडीच तलवार हाती धरतो. लाठीकाठी, ज्युदो, कुस्ती यांपैकी काहीही जाणत्या वस्तादाकडे शिकता येते. आणि पुन्हा कोणी विद्यार्थी तो प्रश्न विचारील, तेव्हा त्याला सांगावे : होय, ती तलवार बांबू कापते, पण ती धरणाऱ्या हाताला आधी अनेक वर्षे नमन करायला, थांबायला आणि स्वतःची चूक डोळ्यांनी पाहायला शिकवलेले असते. आपल्या शाळेच्या प्रार्थनेत पंचशीलातील पहिले शील आपण रोज म्हणतो. त्याचाही अभ्यास असाच नित्य करावा लागतो.

जय भीम! नमो बुद्धाय!