पळणाऱ्या गाडीला टायर कोणता?

जोरकस इंजिनाची मोटार घेतली, की तिच्या पायात काय घालायचे हा प्रश्न येतोच. दुकानदार दोन टायर पुढे ठेवतो. एक टूरिंग, दुसरा स्पोर्ट. माप एकच, रंग काळाच; स्पोर्टची किंमत मात्र बहुधा चढी. मग गिऱ्हाईक म्हणते, "गाडी पळणारी आहे, टायरही पळणाराच द्या." इथे जरा थांबावे. टायर गाडीला पळवीत नाही, तो तिला धरतो. गाडी आणि जमीन यांच्यामध्ये शेवटी असते ते चार तळहातांएवढे रबर, आणि वळताना, थांबताना आपला सगळा जीव त्याच्यावर.

स्पोर्ट टायरचे रबर मऊ, चिकट जातीचे. ते डांबराच्या खडबडीतपणात घुसते आणि पुन्हा आकारावर येताना बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने गमावते. पकडीचा मोठा भाग याच खर्चातून मिळतो. म्हणून ब्रेक दाबला की गाडी लवकर थांबते. पण टायरही लवकर झिजतो, आणि पेट्रोल थोडे अधिक जाते. टूरिंगचे रबर त्या मानाने कठीण, बाजू लवचीक, आवाज कमी, आयुष्य जास्त. १९९२ साली मिशेलिन कंपनीने रबरात सिलिका मिसळलेला टायर बाजारात आणला. तेव्हापासून ही ओढाताण पुष्कळ कमी झाली, मिटली मात्र नाही. एकाच बैलाने शंकरपटही जिंकावा आणि उसाची गाडीही ओढावी, असे कसे होईल?

आता आपले रस्ते पाहा. धुळे-सोलापूर महामार्गावर बीडहून निघालेली गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. तिथे टूरिंग शोभतो. धारूरच्या घाटातली अरुंद वळणे, त्यात पहिला पाऊस, अशा वेळी स्पोर्टचे मोल कळते. पण ते मोल खाचा शाबूत असतील तोवरच, कारण चाकाखालचे पाणी बाहेर काढतात त्या खाचा. त्यांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. तेवढ्या उंचीच्या खुणा खाचेतच असतात. झिजलेला स्पोर्ट टायर पावसात नव्या टूरिंगपुढे टिकत नाही. तेव्हा माझे म्हणणे असे : वेळेवर चारही टायर बदलण्याची ऐपत असेल तर स्पोर्ट घ्या, नाहीतर चांगला टूरिंग घ्या. मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाच्या अक्षराखाली जाऊ नका. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, 'व्ही' म्हणजे २४०. तेवढा वेग आपल्याला नको आहे, हे खरे. पण त्या अक्षराचा संबंध उष्णता सोसण्याशीही आहे, आणि मे महिन्यातले आपले डांबर सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यात हवा कमी असेल तर बाजू सारखी वाकते, आत उष्णता साचते आणि टायर फुटतो, मग तो कोणत्याही जातीचा असो.

काटकसरीने पुढे स्पोर्ट आणि मागे टूरिंग अशी खिचडी करणारेही आहेत. पुढची चाके रस्ता धरतात, मागची सोडतात, आणि गाडी गरकन फिरते.

आणखी एक. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ते दुकानातच वाचावेत, दुकानदार घाई करू लागला तरी.