मुदत संपलेल्या गोळ्या टाकायच्या कुठे? कचऱ्यात की कमोडमध्ये?

औषधांचा डबा प्रत्येक घरात असतोच. त्यात अर्धी राहिलेली कफ सिरपची बाटली, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि डॉक्टरांनी बदलल्यामुळे उरलेलं बीपीचं औषध. घर आवरताना हे सगळं एकतर कचऱ्यात जातं, नाहीतर कमोडमध्ये.

कमोड सोपा वाटतो. पण सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं औषधांचे अंश पूर्णपणे काढण्यासाठी बांधलेलीच नसतात. ते अंश नदीत उतरतात. त्यात अँटिबायोटिक असेल, तर त्याला दाद न देणारे जिवाणू टिकतात आणि वाढतात. उद्या तेच औषध माणसावर चालेनासं होऊ शकतं.

याला अपवाद मात्र आहे. सीडीएससीओ, म्हणजे देशातल्या औषधांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था. तिने 2025 मध्ये 17 औषधांची यादी दिली, जी घरात न ठेवता थेट फ्लश करायची. फेन्टानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, डायझेपाम अशी नावं त्यात आहेत. कारण यातलं औषध चुकून लहान मुलाच्या हाती लागलं, तर एखादा डोसही जिवावर बेतू शकतो. इथे नदीपेक्षा हा धोका मोठा धरलाय.

बाकीच्या औषधांचं काय? 2016 च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधं ‘घरगुती धोकादायक कचरा’ म्हणून वेगळी धरली होती. म्हणजे ती ओल्या-सुक्यात मिसळायची नाहीत. केरळने 2025 मध्ये ‘एनप्राउड’ योजनेत कोझिकोडपासून अशी औषधं गोळा करायला सुरुवात केली. अशी सोय सगळीकडे नाही, हीच खरी अडचण आहे. तरी आधी घंटागाडीवर किंवा मेडिकलवाल्याला विचारून बघा.

कुणीच घेत नसेल, तर गोळ्या पाकिटातून काढा (चुरा करू नका), चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवी घट्ट बांधा आणि मगच टाका. अख्खी स्ट्रिप फेकली, तर ती कुणीतरी उचलून वापरू शकतं. चिठ्ठीवरचं तुमचं नावही खोडा. इनहेलर जाळू किंवा फोडू नका, तो फुटू शकतो. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरा, झाकण लावा आणि वर ‘सुया’ असं लिहा. नाहीतर कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांच्या बोटांत त्या घुसतात.