पडवीचे साहित्य: छपरापासून फरशीपर्यंत

घराच्या भिंतीला टेकलेली, तीन बाजूंनी उघडी आणि वर छप्पर असलेली पडवी बांधायला सोपी वाटते. पण ऊन, पाऊस आणि वारा तिच्यावर थेट येतात. म्हणून साहित्याची निवड छपरापासून सुरू करून खाली यावी. छपराचे वजन आणि उतार ठरला की खांब आणि वासे आपोआप ठरत जातात. प्रत्यक्षात बहुतेक घरांत आधी फरशी पसंत केली जाते आणि मग खर्च छपरावर कापला जातो.

कोकणात पहिला विचार मंगलोरी कौलांचा होतो. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूला कारखाना काढला, तिथून ही एकमेकांत खाच बसणारी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. भाजक्या मातीमुळे ती पत्र्यासारखी तापत नाहीत, पावसाचा आवाज दबतो आणि एखादे फुटले तर तेवढेच बदलता येते. अडचण उंचीची आहे. कौलांना 25 ते 30 अंशांचा उतार लागतो, नाहीतर वाऱ्याने पाणी सांध्यांतून उलटे आत शिरते. 10 फूट खोल पडवीला 30 अंशांचा उतार दिला, तर भिंतीकडची बाजू वळचणीपेक्षा जवळजवळ पावणेसहा फूट उंच येते. वळचण 7 फुटांवर धरली तरी भिंतीकडे पावणेतेरा फूट झाले. 10 फूट उंचीच्या स्लॅबच्या घराला हे जमत नाही. अशा ठिकाणी स्लॅबच्या वर कौले चढवण्यापेक्षा पडवीची खोली कमी करावी, नाहीतर पत्रा घ्यावा. 10 अंशांच्या उतारावर तोच फरक पावणेदोन फुटांवर येतो.

वजनातही मोठी तफावत आहे. एका चौरस मीटरला साधारण 15 कौले लागतात आणि एकेक कौल दोन ते तीन किलोचे असते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच जागेत पाच किलोच्या आत बसतो. त्यामुळे त्याला हलका सांगाडा पुरतो, मात्र हलका असल्यानेच तो वाऱ्याने उचलला जातो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात असंख्य घरांचे पत्रे उडाले. स्क्रू रबरी वॉशरसह, पत्र्याच्या उंचवट्यावर मारावेत; खोलगट भागातून पाणी वाहते, तिथले भोक आज ना उद्या गळतेच. समुद्राजवळ साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप असलेला रंगीत पत्रा जास्त टिकतो. पण तो भिंतीला भिडतो तिथे ओला सिमेंटचा गिलावा त्यावर थापू नये. सिमेंटमधला अल्कली ॲल्युमिनियम खातो.

उजेडासाठी मध्ये एखादी पॉलिकार्बोनेटची शीट टाकली जाते. तिची अतिनील किरणे रोखणारी बाजू बहुधा एकच असते आणि ती वर यावी लागते. उलटी बसली तर काही उन्हाळ्यांत पिवळी पडून तडकते. ती तापल्यावर वाढतेही: 3 मीटरची शीट 30 अंशांच्या फरकाने सुमारे 6 मिलिमीटर. म्हणून तिची भोके स्क्रूपेक्षा मोठी पाडतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. कापताना वा फोडताना त्यांची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून नव्या पडवीसाठी ते टाळलेलेच बरे.

खांब लाकडाचे असोत की लोखंडी पाइपाचे, ते सडतात ते बुडाशीच. जुन्या वाड्यांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा केला जाई, त्यामागे हेच कारण. आजचा फॅब्रिकेटर पाइप थेट फरशीत गाडतो. फरशी धुतली की पाणी त्या सांध्यात मुरते आणि पाच-सहा पावसाळ्यांत रंगाखालून गंज वर येतो. पाइपाखाली जाड प्लेट आणि फरशीपासून चार-सहा इंच उंच काँक्रीटचा पाया एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. लाकूड वापरायचे तर सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण तो पक्क्या गाभ्याचा हवा. कडेचा पांढुरका भाग वाळवीला चालतो.

फरशीसाठी गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल पडवीत नको. पावसाची झड आत आली की तिच्यावर पाय घसरतो. शहाबादी, तांदुरी आणि कोटा या तिन्ही फरश्या चुनखडीच्या. खरबरीत ठेवल्या तर पावलाला पकड देतात आणि उन्हात फार तापत नाहीत. मात्र आम्ल त्यांचे वैरी: लिंबाचा रस सांडला किंवा डाग काढायला ॲसिड ओतले की पॉलिश जाऊन पांढरा चट्टा उरतो. जांभा किनाऱ्यावर स्वस्त आणि देखणा, पण सच्छिद्र असल्याने त्यावर शेवाळ धरते. फरशीपेक्षा तो बाहेरच्या कट्ट्याला शोभतो. कोणतीही फरशी घेतली तरी 10 फुटांत एक ते दीड इंच बाहेरच्या बाजूला उतार असावा.

वळचणीवरून पागोळी पडते तिथे फरशी संपवून फूटभर रुंदीचा खडीचा पट्टा ठेवावा. तिथे फरशी असेल तर पाण्याचे शिंतोडे खांबांच्या बुडापर्यंत येतात. पन्हळ बसवायची असेल तर ती छपराच्या कामातच, वाशांना आधार धरून बसवावी, कारण नंतर कडेच्या पत्र्याला टांगलेली पन्हळ पानांनी भरून पहिल्या मोठ्या सरीत खाली येते.