डेलियाच्या बियांतली अनोळखी फुलं

जानेवारीच्या सकाळी राहनाळमधल्या आमच्या गच्चीवर गेलं की चहूकडे गोदामांचे पत्रे दिसतात आणि खालून कंटेनर मागे घेणाऱ्यांच्या हाका ऐकू येतात. अशातही कुंडीतल्या डेलियावर मधमाशी हजर असते. ती अंगाला जे पिवळं पीठ माखून जाते, त्यातून जगात आजवर कधीच न उमललेलं फूल जन्माला येऊ शकतं.

हे मी जराही फुगवून सांगत नाही. आपल्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. बागेतल्या डेलियात आठ संच असतात, एकूण 64 गुणसूत्रं. दर बीच्या वेळी हा एवढा मोठा जोड पत्त्यांसारखा नव्याने पिसला जातो. म्हणून लाल डेलियाची बी पेरली तर लालच फूल येईल याची खात्री नाही. एकाच बोंडातल्या बियांतून कुणी जांभळं निघतं, कुणी पिवळं, कुणी एकेरी पाकळ्यांचं.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ती खरं तर फुलांची वस्तीच असते. प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल, आणि मधली पिवळी टिकली म्हणजे चिमुकल्या नळ्यांची दाटी. त्या नळ्या कडेकडून आत, एकेक रिंगण करून उमलतात. आधी पराग बाहेर येतो, मग त्यातूनच वर सरकलेलं टोक दुभंगतं. हाताने संकर करायचा तर त्या दुभंगलेल्या टोकाला दुसऱ्या झाडाचा पराग मऊ ब्रशने लावायचा आणि माशी येऊ नये म्हणून फुलावर जाळीची पिशवी बांधायची. पुढे पाकळ्या गळतात आणि बोंड धरतं. नवखा माणूस त्याला कळी समजतो. कळी गोल, चपटी असते, बोंड टोकदार. वाळलं की आत काळ्या, चपट्या बिया सापडतात.

नवा वाण घडवण्याची गंमत इथे सुरू होते. तुलनेसाठी दुसरं एक फूल बघा. पुण्यात गणेशखिंडच्या संशोधन केंद्रात अ‍ॅस्टरचे 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हाइट' असे वाण निघाले. अ‍ॅस्टर दरवर्षी बियांपासून लावतात, त्यामुळे बी पेरल्यावर तेच फूल आलं पाहिजे. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते. डेलियाला हे बंधन नाही. शेकडो रोपांत एक जरी मनासारखं निघालं, तरी त्याचे कंद वाटून किंवा फुटवे लावून हुबेहूब तेच झाड वाढवता येतं. एक रोप म्हणजेच एक वाण! रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांनी अशा निवडीतूनच भारतात डेलियाचे कितीतरी वाण दिले.

निवड मात्र निष्ठुर असते. बागेसाठी झाड बुटकं, काठीच्या आधाराविना उभं राहणारं हवं. बाजारासाठी दांडा लांब आणि ताठ, फूल वर तोंड केलेलं हवं. डेलियाचं खरं दुखणं म्हणजे ते फुलदाणीत लवकर मान टाकतं. जपानच्या नारो या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने फूल किती दिवस टिकतं याच कसोटीवर निवड करत 'एटर्निटी' ही मालिका काढली. देखणेपणाच्या मागे लागलेल्या छंदिष्टांच्या शेकडो वाणांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं.

रंगाची गोष्ट तर आणखी नवलाची. लाल पाकळीचं टोक पांढरं असलेला 'युइनो' नावाचा जपानी वाण आहे. तिथे रंगाचा जनुक हरवलेला नाही. त्याने पाठवलेला निरोप पेशीच वाटेत कापून टाकते, आणि तेही फक्त टोकाला.

डेलिया हे मूळचं मेक्सिकोचं झाड. तिथून त्याचं बी 1789 मध्ये माद्रिदला पोचलं. 1791 मध्ये त्याला नाव मिळालं ते आंदेर्स डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं. डाल 1789 मध्येच वारला होता.

आमच्याकडे उन्हाळा लागला की झाड सुकतं. मग मी कंद उकरून कोरड्या वाळूत, सावलीला ठेवते. पाऊस ओसरला की ते चाचपून बघायचे. नुसता गुबगुबीत कंद कामाचा नाही, तो फुटतच नाही. देठाच्या मुळाशी, मानेपाशी, मोहरीएवढा गुलाबी डोळा हवा. गेल्या वर्षी बियांपासून वाढवलेल्या सात नंबरच्या रोपाच्या कंदाला काल तसे दोन डोळे दिसले.