फाइलला कळतं, पण वळत नाही

करसल्लागाराच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: लाइट गेली, संगणक धाडकन बंद पडला, आणि तेव्हापासून आउटलुकची 15 वर्षांच्या मेल्सची पीएसटी फाइल उघडतच नाही. ‘फाइलमध्ये चुका आढळल्या आहेत’ एवढंच सांगून प्रोग्राम हात वर करतो. ‘चूक आहे हे त्याला कळतं, मग तो ती दुरुस्त का करत नाही?’

प्रश्न वैतागून विचारलेला दिसतो, पण लाखमोलाचा आहे. 1940च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचा तरुण गणितज्ञ शब्दशः याच प्रश्नावर चरफडत होता. त्याच्या वाट्याला रिलेंवर चालणारा अवाढव्य संगणक यायचा तो शनिवार-रविवारी. यंत्राला आपली चूक ओळखता यायची. एरवी चूक सापडली की यंत्र थांबायचं आणि कामावरचा माणूस ती निस्तरायचा. सुटीच्या दिवशी तिथे माणूसच नसायचा, त्यामुळे यंत्र हॅमिंगचं गणित अर्धवट टाकून खुशाल पुढच्या कामाला लागायचं. लागोपाठ दोन सोमवारी पदरी रद्दी पडली, तेव्हा तो भडकला. चूक झाली हे यंत्राला समजतं, तर ती कुठे झाली हे का समजू नये?

जुन्या पेढीवरच्या मुनीमजींना याचं उत्तर ठाऊक होतं. पानावरच्या रकमांची फक्त उभी बेरीज ठेवली, तर ती जुळली नाही की कुठेतरी घोळ आहे एवढं कळतं. आडव्या बेरजाही ठेवल्या, तर चुकलेली ओळ आणि चुकलेला रकाना जिथे एकमेकांना छेदतात, तीच रक्कम चुकलेली. संगणकाच्या खात्यात तर शून्य आणि एक हे दोनच अंक, त्यामुळे चुकलेली जागा कळली की दुरुस्ती झालीच. शून्य असेल तर एक करा, एक असेल तर शून्य. हॅमिंगने या बेरजा इतक्या काटकसरीने गुंफल्या की चार बिट्सच्या मजकुराला तीन जादा बिट्स जोडले की सातांतला कुठलाही एक बिघडलेला बिट नेमका पकडता येतो. पेटंटच्या भानगडीत त्याचा शोधनिबंध 1950पर्यंत रखडला. क्लॉड शॅननने मात्र 1948च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हॅमिंगचं नाव घेऊन ही युक्ती आधीच सांगून टाकली होती.

आता पीएसटीच्या पोटात शिरू. मायक्रोसॉफ्टने 2010मध्ये या फाइलची रचना जाहीर केली, त्यामुळे यात काही गुपित उरलेलं नाही. तुमची मेल तिथे सलग लिहिलेली नसते. तिचे जास्तीत जास्त 8 केबीचे तुकडे फाइलभर विखुरलेले असतात. कुठला तुकडा कुठे आहे, कुठली मेल कुठल्या तुकड्यांची, याच्या दोन याद्या फाइलमध्येच असतात. प्रत्येक तुकड्याच्या शेपटीला 32 बिट्सचा एक पडताळा चिकटवलेला असतो, त्याला सीआरसी म्हणतात. वेस्ली पीटरसन या अमेरिकी संशोधकाने 1961मध्ये मांडलेली ही करामत झिप फाइलपासून नेटवर्कच्या केबलपर्यंत सगळीकडे आज राबते आहे. (त्याचं नाव किती संगणक अभियंत्यांना माहीत असेल, याबद्दल मला दाट शंका आहे.) पण सीआरसी म्हणजे मुख्यतः उभी बेरीज. एखाददुसरा बिट उलटला असेल तर खटपट करून तो शोधता येतो. अख्खा तुकडाच कचरा झाला, तर 32 बिट्समधून हजारो अक्षरं परत आणणं कोणाच्या बापाला जमणार नाही.

मग मायक्रोसॉफ्टने आडव्या बेरजा का ठेवल्या नाहीत? कारण ते काम डिस्क करते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी प्रत्येक नोंदीसोबत चूक सुधारणारे जादा बिट्स लिहिते आणि वाचताना गुपचूप दुरुस्त्या करते. इथे थोडं विषयांतर करतो, कारण या युक्तीमागची मंडळी आपली आहेत. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या बीसीएच कोडमधला बी म्हणजे राज चंद्र बोस आणि सी म्हणजे द्विजेंद्र रायचौधुरी. फ्रान्सच्या ओकेंगेमने तोच शोध 1959मध्ये स्वतंत्रपणे लावला, म्हणून शेवटचा एच त्याचा. बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले. शेतीच्या प्रयोगात कोणत्या वाफ्यात कोणतं खत टाकायचं, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी तुलना चोख होईल, असल्या प्रश्नांच्या गणितात ते मुरलेले होते. तिथून चूक सुधारणाऱ्या कोडपर्यंतची वाट फार लांबची नव्हती.

आणि त्या वाटेवर त्यांच्यासोबत होते शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म 1917चा, सागरचा. शिक्षण नागपुरात, पीएच.डी. बोस यांच्याकडे अमेरिकेत. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी वाफ्यांच्या मांडणीत लागणाऱ्या लॅटिन चौरसांबद्दलचा गणितज्ञ ऑयलरचा 1782चा तर्क खोटा ठरवला आणि 26 एप्रिल 1959च्या न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर झळकले. ही गोष्ट निदान गणितवाल्यांना माहीत असते. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोडच्या रचनेवर आणखी एक निबंध लिहिला, हॅडमार्ड मॅट्रिक्सशी त्याचं नातं दाखवणारा. त्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. 1971मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर-9ने जी छायाचित्रं पाठवली, ती याच कुळातल्या कोडमध्ये बांधलेली होती: 6 बिट्सच्या मजकुराला 32 बिट्स, त्यातले 7 बिघडले तरी चालेल. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे संस्थापक प्रमुख झाले आणि 2020मध्ये, वयाच्या 102व्या वर्षी गेले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना एक चौकट मिळायला हरकत नव्हती.

असो. डिस्क इतकी सावध, तरी फाइल बिघडली कशी? गोम इथे आहे. लाइट गेली तेव्हा आउटलुकने तुकडे लिहिले होते, याद्या अर्ध्याच सुधारल्या होत्या. डिस्कने ते अर्धवट लिखाण इमानेइतबारे जपलं. डिस्कच्या लेखी चूक झालेलीच नाही! अशा वेळी आउटलुकसोबत फुकट येणारं स्कॅनपीएसटी कामाला येतं. ते तुकडान् तुकडा तपासतं, शाबूत असतील त्यांच्यावरून याद्या नव्याने रचतं, आणि ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही त्यांना ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये टाकतं. सीआरसी न जुळणारा तुकडा मात्र गेलाच. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ची हमी देणारी महागडी सॉफ्टवेअर्सही याहून वेगळं काही करू शकत नाहीत. फार तर शोध जास्त चिकाटीने घेतात. पुसलेली मेल त्यांना कधीकधी सापडते, कारण पुसताना तिची जागा फक्त ‘मोकळी’ म्हणून नोंदलेली असते. तिथे नवी मेल येऊन बसली की तोही मार्ग बंद.

आउटलुक 2002पर्यंतच्या फाइलींचं दुखणं आणखी वेगळं. त्यांची मर्यादा 2 जीबी. ती गाठली की फाइल उघडेना, आणि मायक्रोसॉफ्टचा उपाय काय, तर शेपूट छाटण्याचं एक साधन! छाटलेल्या भागातल्या मेल्स कायमच्या गेल्या.

‘आमचं सगळं क्लाउडवर आहे’ म्हणणाऱ्यांनीही निवांत राहू नये. फेब्रुवारी 2011मध्ये गूगलच्या एका नव्या सॉफ्टवेअरमधल्या दोषाने जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के लोकांच्या पेट्या रिकाम्या केल्या. मेल्सच्या प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण दोष सगळ्याच प्रतींना भोवला. वाचवलं कोणी? चुंबकीय टेपने. टेप कपाटात होती, जोडलेली नव्हती, म्हणून तिच्यापर्यंत दोष पोचला नाही. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

तर वाचकमित्रा, आधी फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरं पाहा. ओएसटी असेल तर ती सर्व्हरवरच्या मेल्सची प्रत आहे. तिचं नाव बदलून ठेवा, आउटलुक नवी तयार करेल. पीएसटी असेल तर आउटलुक बंद करा, फाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि स्कॅनपीएसटी त्या प्रतीवरच चालवा, चुका दिसेनाशा होईपर्यंत पुन्हा पुन्हा. डिस्क कटकट आवाज करत असेल तर यातलं काहीही न करता ती जाणकाराकडे न्या. सॉफ्टवेअर विकत घ्यायचंच झालं, तर डेमोमध्ये तुमच्या मेल्स मजकुरासकट दिसतात का ते बघूनच पैसे मोजा. मेल्स हाती आल्या की वर्षागणिक वेगळी फाइल करा, ती ऑफिसच्या नेटवर्कवरून चालवू नका, आणि जुन्या वर्षांची एक प्रत एमबॉक्समध्ये काढून ठेवा. ते साध्या मजकुराचं स्वरूप आहे, मधला भाग बिघडला तरी पुढच्या-मागच्या मेल्स वाचता येतात. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून दुसऱ्या जागी ठेवा, आणि महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी जुनी मेल प्रत्यक्ष उघडून पाहा.