घोट्याजवळची जखम भरत नसेल तर

आमच्या दिघ्यात कितीतरी जणी कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करतात. तुम्ही शेतात, चुलीपुढे उभ्याच असता. आणि खाडा नको म्हणून पायाची जखम आपण सगळ्याच पदराआड लपवतो. म्हणून आज तिच्याविषयी बोलू.

पायातलं रक्त वर चढतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत बारीक झडपा असतात. त्या सैल झाल्या की रक्त खाली साचतं. संध्याकाळी पाय सुजतो, निळ्या शिरा फुगतात, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट होऊन खाजते. मग साधं खरचटलं तरी चिघळतं. 2 आठवड्यांत जखम भरली नाही तर आरोग्य केंद्रात दाखवा. मधुमेह असेल तर थांबूच नका.

इथे नुसतं मलम पुरत नाही. बोटांपासून गुडघ्यापर्यंत दाबाची पट्टी लागते. पण ती मनाने बांधू नका. डॉक्टर आधी पायाची नाडी तपासतात. पायाला रक्तच कमी पोचत असेल, तर घट्ट पट्टीने पाय गमवायची वेळ येते.

घरी जखम स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, राख, तंबाखू लावू नका. बसताना पाय वर ठेवा, थोडं चाला, मशेरी सोडा. लाली पसरली, ताप आला, घाण वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जखम भरायला महिने लागतात, धीर धरा. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की एकमेकींचे घोटेही बघा.